मागून आणलेली खुर्ची

सर कुणाच्याही घरी गेले तरी खुर्चीवर बसत नसत. जमिनीवर बसत, उंबऱ्यावर बसत, पायरीवर बसत, आणि काहीच नसलं तर भिंतीला टेकून उभे राहत. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि प्रत्येकाने तिचा आपापला अर्थ लावला होता. कुणी म्हणे पाठीचं दुखणं आहे, कुणी म्हणे साधेपणाचा देखावा आहे. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मांडवभर खुर्च्या मांडलेल्या असताना सर बाजूच्या सतरंजीवर जाऊन बसले. मुलीच्या वडिलांना वाटलं, मानपान राहिला. समजूत काढायला तीन माणसं धावली.

"रुसलो नाही हो," सर म्हणाले. "ह्या खुर्च्या कुणाच्या आहेत?"

"मंडपवाल्याच्या, सर."

"मंडपवाल्याच्या होय? मग बसतो." आणि उठून शांतपणे खुर्चीवर जाऊन बसले.

त्या दिवशी लोक फार हसले. मी हसले नाही. सर खुर्चीची चौकशी का करतात हे मला माहीत होतं. आज ते नाहीत, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला आधी ती खुर्चीच दिसते.

सर समाजशास्त्र शिकवत. वर्गावर पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "सामाजिक समस्या कोणकोणत्या?" आम्ही पाठ केलेली यादी म्हणून दाखवली. दारिद्र्य, बेकारी, व्यसन, हुंडा. सरांनी सगळी यादी फळ्यावर लिहिली आणि प्रत्येक शब्दापुढे एकच शब्द लिहिला, 'कुणाची?' मग खडू ठेवून निघून गेले. तो फळा त्यांनी आठवडाभर पुसू दिला नाही. पुढच्या तासाला येणारे इतिहासाचे सर चरफडत फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात राजांच्या वंशावळी लिहीत.

त्यांचं बालपण निजामाच्या काळातलं होतं, शाळा उर्दूतून झालेली. त्यामुळे आम्ही मोघम बोललो की ते डोळे मिटून म्हणत, "तफसील?" मुलगा म्हणाला, गावात दारूचं प्रमाण वाढलंय. "तफसील?" म्हणजे सर, लोक पितात. "कोण? कुठं बसून? कुणाच्या ओट्यावर?" अशा पाच-सहा प्रश्नांनंतर आमची समस्या विरघळून जाई आणि तिच्या जागी एक ओटा, दोन माणसं आणि बंद पडलेली एक कापसाची जिनिंग उभी राही. "आता अभ्यास सुरू झाला," सर म्हणत.

एक वाक्य मात्र त्यांचं खास होतं. "एका घरात रडू आलं तर ते त्या घराचं. ओळीनं दहा घरांत आलं, तर ओळ आखणाऱ्याला जाऊन विचारा." हे वाक्य त्यांनी पुस्तकातून काढलं नव्हतं. भूकंपानंतरच्या एका नव्या गावात ते त्यांना सापडलं, आणि त्यासाठी आधी त्यांना स्वतःला चुकावं लागलं.

ते गाव निलंग्याच्या बाजूला होतं. जुनं गाव पडलं होतं आणि दोन मैलांवर नवं बांधून लोक राहायलाही आले होते; घरांची ताबापत्रं तेवढी मिळायची होती. सरळ रस्ते, सरळ ओळी, भक्कम भिंती. जमिनीच्या हिशेबाने घरांची मापं तीन होती. ज्यांना शेती नाही त्यांची लहान घरं एका टोकाला, मोठ्या शेतकऱ्यांची मोठी घरं दुसऱ्या टोकाला. एका सरकारी कचेरीने सरांकडे पाहणीचं काम दिलं. छापील फॉर्म कचेरीचेच होते. शेवटचा प्रश्न होता, नव्या घराबद्दल आपण समाधानी आहात काय? पुढे दोन चौकोन.

आम्ही आठ विद्यार्थी चार दिवस गावात फिरलो. प्रत्येक घरी आमचं चांगलं स्वागत झालं, बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. सगळ्या फॉर्मांवर एकाच चौकोनात खूण झाली. सरांनी अहवाल लिहिला, 'ग्रामस्थ समाधानी आहेत.' कचेरी खूश झाली. लातूरला एक नवं प्रशिक्षण केंद्र निघणार होतं आणि त्याचे संचालक सरच होणार, अशी बातमी कॉलेजात फिरू लागली. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, आम्हाला बोलावून पुरणपोळी घातली. लातूर हे त्यांचं माहेर होतं.

सरांची एक पद्धत होती. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते वाचून दाखवल्याशिवाय काम पुरं झालं असं ते मानत नसत. म्हणून अहवाल पाठवून झाल्यावर ते मला आणि आणखी एका मुलाला घेऊन पुन्हा त्या गावी गेले. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी अहवाल वाचला. लोकांनी माना डोलावल्या. नंतर काशीबाई नावाच्या म्हातारीने आम्हाला चहाला नेलं. ती लिंगायत, बऱ्यापैकी शेतीवाली, त्यामुळे तिचं घर मोठ्या घरांच्या ओळीत होतं. तिचा फॉर्म मीच भरला होता.

तिच्या नातीने सरांसाठी खुर्ची आणली. लोखंडी घडीची होती, एक पाय वाकलेला. सर बसले, चहा प्याले, उठले. आम्ही बाहेर पडलो तशी नात ती खुर्ची डोक्यावर घेऊन आमच्या पुढे चालू लागली. शेजारचं घर आलं, ती थांबली नाही. त्याच्या पलीकडचं आलं, तरी नाही. एक ओळ संपली, दुसरी संपली. निलंग्याच्या एसटीला अजून वेळ होता. सर तिच्या मागे चालत राहिले आणि आम्ही सरांच्या मागे.

पोर थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, लहान घरांत गेली. तिथे रजियाबी बांगडीवाली दारात बसली होती. पोरीने खुर्ची तिच्यापुढे ठेवली.

"पोरी, एवढ्या लांबून खुर्ची आणलीस?" सरांनी विचारलं. "तुमच्या शेजारी खुर्ची नाही?"

"हाय की. पलाष्टिकच्या दोन हायत."

"मग?"

पोर गोंधळली. "त्यायची आन आमची वळख न्हाई ना, सर."

रजियाबी हसली. "सच्ची बात है, सर. आमी दोघी पडल्या गावात शेजारनी. चाळीस साल. मधली भीत एकच. भितीत आरपार दिवळी होती बगा, कोनाड्यावानी, इत्तुकीशी. तिच्यातून दही-विरजण, काडीपेटी, समदं चालायचं. भूकंपाच्या पहाटं हिची आजी त्या दिवळीतूनच वरडली. मला ऐकू आलं म्हनून माज्या पोरानं तिला वढून काढली."

"आणि आता?"

"आता भीत लई पक्की हाय. पल्याडचं काईच ऐकू येत न्हाई."

सरांचा चेहरा मी पाहिला. ते त्या वाकड्या पायाच्या खुर्चीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पण रजियाबी, आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही सगळे समाधानी म्हणालात."

"तुमी इचारलं घर कसं हाय. घर चांगलंच हाय की! खोटं कामून सांगू? आन सर, घरी आल्याला पाहुना खुर्चीवर बसून इचारून राहिला तर त्याला वाईट कसं सांगावं?"

परतीच्या एसटीत सर एकदाच बोलले. "आपण बसलो त्या खुर्च्या अशाच मागून आणलेल्या असणार. तेवढं एकच बघायचं होतं, आणि आपण फॉर्म बघत होतो." मी म्हणाले, सर, काशीबाईंचा फॉर्म माझ्या हातचा आहे. ते म्हणाले, "तू बरोबर लिहिलंस. मी चुकीचं विचारलं."

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. मी आणि तो मुलगा बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडं होतं.

"माझा अहवाल मला परत द्या," सर म्हणाले.

अधिकारी भला माणूस होता. त्याला वाटलं एखादं पान राहिलं असेल. "पुरवणी जोडा की, सर."

"पुरवणी नको. तो चुकला आहे."

"असा कसा चुकेल? फॉर्म आहेत, सह्या आहेत, अंगठे आहेत."

"अंगठे खरे आहेत. प्रश्न खोटा होता."

"आणि सर, ते संचालकपदाचं?" अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "वर तुमच्या ह्याच अहवालाचं कौतुक झालंय. जरा विचार करा."

"विचार करूनच आलो. जुन्या गावात शेजारी राहिलेल्या दोघी म्हाताऱ्या अजून जिवंत आहेत. ताबापत्रं अजून वाटली नाहीत. आता बदललं तर त्यांना एकमेकींजवळ राहता येईल. ती वाटून झाल्यावर माझा अहवाल बरोबर असला काय आणि चूक असला काय."

अधिकाऱ्याने फायलीवर हात ठेवला. "आवक झालेला कागद बाहेर जात नाही, सर. नियम आहे."

"मग दुसरा घ्या," सर म्हणाले.

दुसरा अहवाल तयार करायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यात समाधान हा शब्द नव्हता. आम्ही घरोघर जाऊन जमिनीवर बसायचो आणि एवढंच विचारायचो, काल काय मागून आणलं आणि कुणाकडून? विरजण, खलबत्ता, चिमटा, तापावरची गोळी. सर गावाचा मोठा कागद पसरून त्यावर प्रत्येक उत्तराची एक रेघ ओढत. एका घरातून दुसऱ्या घरापर्यंत. शेजारच्या घरांमधली जागा कोरी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघांचं जाळं झालं. नकाशा पाहून गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "हे तर आमचं जुनं गाव हाय," काशीबाई म्हणाली. "कागदावर ओढून ताणून ठिवलंया."

नकाशा फायलीत गेला. घरांची मापं वेगळी, याद्या मंजूर झालेल्या, अदलाबदल नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. ताबापत्रं वाटली गेली. संचालकपदावर दुसरे गृहस्थ आले. काशीबाई आणि रजियाबी शेवटपर्यंत दोन टोकांना राहिल्या आणि त्यांच्या नाती भर उन्हात वस्तू ने-आण करत राहिल्या.

हे सगळं सरांनी पुढच्या वर्षी नव्या मुलांना स्वतः शिकवलं. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, 'माझी चूक', आणि तासभर बोलले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. तेव्हापासून आजपर्यंत मी अनेक विद्वानांची व्याख्यानं ऐकली. आपला छापील निष्कर्ष आपल्याच हाताने खोडणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो माझा शिक्षक होता, हे मी कुणी न विचारताही सांगते.

खुर्चीवर न बसणं तेव्हापासूनचं.

निवृत्तीनंतर सर लातूरला बाईंच्या वाट्याला आलेल्या जागेत राहायला गेले. तोवर लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. आधी शेजारचा गोठा गेला, मग समोरचं पिठाच्या गिरणीचं आवार गेलं, आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी वसतिगृहांच्या इमारती उठल्या. देगलूरपासून, उदगीरपासून, पार परभणीकडून मुलं-मुली येत. पाठीवर दप्तर, हातात डबा, ओठांवर सूत्रं. भाच्याच्या आग्रहावरून सरांनीही वर सहा खोल्या बांधल्या आणि मुलींना दिल्या.

मी पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "बघ बाई तुझ्या सरांची अक्कल! सहा खोल्यांत मिळून एक इस्त्री. एक आरसा. सुईदोरा एका खोलीत, थर्मामीटर दुसऱ्या खोलीत. लोक मला चिक्कू म्हणून राहिलेत."

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर पाहत होते.

तेवढ्यात देगलूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. खोली पाहिली, पसंत पडली, मग भिंतींवरून नजर फिरवून म्हणाले, "ओ सर, आरसा न्हाई व्हय?"

"आहे ना. चार नंबरला."

"आन आमची खोली?"

"एक नंबर."

"मंग पोरीनं भांग पाडाया चार नंबरला जायचं?"

"हो."

"मी आनतो की आरसा! त्यात काय हाय?"

"आणायचा नाही. ती एकच अट आहे माझी. दुसऱ्या खोलीत आहे ती वस्तू आपल्या खोलीत आणायची नाही. मागायची."

गृहस्थ बाईंकडे वळले. "काकू, सरांची तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत ठणठणीत आहे. माणूसच असा आहे," बाई म्हणाल्या.

"सर, इथं पोरांचं एक एक मिंट मोलाचं हाय. आरशापायी पाच मिंटं जातेत बगा."

"त्या पाच मिनिटांसाठीच ही माडी बांधली आहे," सर म्हणाले. "पटत नसेल तर समोर जा. तिथं खोलीगणिक आरसा आहे."

ते समोर गेले. तीन दिवसांनी मुलीला घेऊन परत आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सरांनीही विचारलं नाही. तिला एक नंबरची खोली मिळाली आणि खोलीबरोबर इस्त्री सांभाळायची जबाबदारी.

क्लासवाल्यांच्या एका बैठकीत सरांना बोलावलं होतं. मुलं खचतात, त्यावर काय करावं? कुणी म्हणालं, आजकालची मुलं मनाने कमजोर. कुणी म्हणालं, पालकांच्या अपेक्षा. सरांनी विचारलं, "ताप आला तर मूल पहिल्यांदा कुणाला सांगतं? तफसील?" कुणालाच सांगता आलं नाही. सर म्हणाले, "मग आधी ते शोधू." त्यांना पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांनी मात्र गल्लीचा नकाशा काढला. तो त्यांनी मला दाखवला होता. सगळ्या इमारती, सगळ्या खोल्या नीट आखलेल्या, आणि रेघा फक्त एकाच ठिकाणी, त्यांच्या सहा खोल्यांमध्ये. बाकी कागद कोरा. "माझं समाजशास्त्र कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पोचलं," ते म्हणाले. मी म्हणाले, सर, तेही पुष्कळ आहे. त्यांनी मान हलवली. "दिवळी एका भिंतीत असून भागत नाही."

एकदा सकाळी आठच्या सुमाराला मी तिथे असतानाच वर आरडाओरडा झाला. चार नंबरची मुलगी दार उघडत नव्हती. मुली एकीमागून एक आरसा मागायला जात होत्या आणि परत येत होत्या. इतर ठिकाणी मुलगी झोपली असेल म्हणून सगळ्या क्लासला गेल्या असत्या. इथे आरसाच अडकलेला. देगलूरची मुलगी दारावर थापा मारत ओरडली, "ए बाई, भांग पाडायचाय! उघड, न्हाईतर तशीच जाते आन सगळ्यांला तुजं नाव सांगते!" कडी निघाली. आत मुलगी तापाने फणफणली होती. चाचणीत मार्क घसरले होते, घरी सांगितलं नव्हतं, दोन दिवस जेवली नव्हती.

मग वर जे झालं ते मी जिन्यातून पाहिलं. दोन नंबरमधून थर्मामीटर आलं, तीनमधून शेगडी, पाचमधून मिठाची बरणी, सहामधून जाड पांघरूण. प्रत्येक वस्तूबरोबर ती सांभाळणारी मुलगी आली. थोड्या वेळाने सहाही खोल्या त्या एका खोलीत होत्या. कुणीतरी पेज ढवळत होतं, कुणीतरी तिच्या आईला फोन लावून बोलत होतं.

सर खाली अंगणात उभे होते. बाई म्हणाल्या, "अहो, वर जा की!"

"मी गेलो तर मुली बाजूला होतील," सर म्हणाले. "डॉक्टरांना सांगितलंय, येतायत." आणि ते जिन्याकडे कान देऊन तिथेच उभे राहिले. वरून मुलींचा गलका येत होता. इतका वेळ, इतक्या आनंदाने गोंगाट ऐकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

सर गेल्याचा निरोप मला नांदेडला मिळाला. पहाटेच्या एसटीने लातूर गाठेपर्यंत दहा वाजले. गल्ली माणसांनी भरली होती. जुने विद्यार्थी, क्लासचे शिक्षक, निलंग्याकडून टेम्पो करून आलेली त्या गावची माणसं. रजियाबी आणि काशीबाई केव्हाच वारल्या होत्या. खुर्ची डोक्यावर वाहणारी ती नात आता चाळिशीकडे झुकलेली बाई झाली होती. ती बाईंच्या पायाशी जमिनीवर बसली होती. मीही तिच्याशेजारी बसले.

कॉलेजातले सरांचे एक वृद्ध सहकारी काठी टेकत आले. त्यांना खाली बसता येत नव्हतं. घरात दोनच खुर्च्या, दोन्हींवर म्हातारी माणसं. कुणीतरी म्हणालं, "खुर्ची बघा रे एक." वरच्या खोलीतली एक मुलगी चटकन बाहेर गेली आणि मिनिटभरात खुर्ची घेऊन आली. सहकारी बसले. पुढे सगळं जसं व्हायचं तसं झालं.

माणसं पांगली तेव्हा त्या मुलीने खुर्ची उचलली. मला उठायचं नव्हतं, पण मी उठले आणि तिच्या मागे निघाले. ती नातही माझ्याबरोबर आली. मुलगी फाटकातून बाहेर पडली आणि कंपाउंडला लागून असलेल्या वसतिगृहाच्या पायऱ्या चढली. ही इमारतही सरांच्या नकाशावर कोरी होती. तिने पहिल्याच दारावर थाप मारली.

"ए, खुर्ची घे गं तुझी."

आतून एक मुलगी डोळे पुसत आली. खुर्ची घेत म्हणाली, "राहू द्यायची होती की. आणि ऐक, संध्याकाळी इस्त्री देशील?"

"ये. एक नंबरला."

या वेळी आम्हाला फार चालावं लागलं नव्हतं.